टेनिस एल्बो: व्यायाम केला की दुखतं, मग व्यायाम सोडावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उजव्या कोपराची बाहेरची बाजू चार महिने दुखतेय. आधी विश्रांती घेतली, मग पट्टा लावला, मग स्टेरॉइडचं एक इंजेक्शन झालं. महिनाभर दुखणं जवळजवळ गेलं आणि नंतर पहिल्यापेक्षा जोरात परत आलं. आता फिजिओथेरपीचे व्यायाम सुरू केलेत, पण मनगट वर उचलताना कळ येते. असं असताना व्यायाम चालू ठेवायचे की थांबवायचे?

चालू ठेवायचे. मात्र आत्ता ज्या मात्रेत करताय त्या मात्रेत नाही, आणि कदाचित तेच व्यायामही नाहीत. टेनिस एल्बोत व्यायाम हेच मुख्य औषध आहे आणि इतर औषधांसारखी त्याची मात्रा ठरवावी लागते. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. काही जण दुखतं म्हणून हात अजिबात वापरत नाहीत, तर काही जण बरं वाटलं त्याच दिवशी दोन किलोचं डंबेल उचलतात. दोन्ही चुकांनी दुखणं तितकंच लांबतं.

आधी दुखतंय काय ते बघू. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारा जो हाडाचा उंचवटा आहे, तिथून मनगट वर उचलणारे स्नायू निघतात. त्यातल्या एक्स्टेन्सर कार्पी रेडिआलिस ब्रेव्हिस या स्नायूची हाडाला चिकटणारी कंडरा या आजारात बिघडलेली असते. आता एक करून बघा. डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या थोडं खाली, पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) वरच्या बाजूला ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटांखाली स्नायू टणक झालेला जाणवेल. बोटं मिटवणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात. ते वाकू नये म्हणून वरच्या बाजूच्या स्नायूला प्रत्येक वेळी उलट बाजूने धरून ठेवावं लागतं. म्हणजे हे दुखणं मनगट उचलण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पकडीचं आहे. बरणीचं झाकण, दाराची मूठ, पाना, ओला कपडा पिळणं, हस्तांदोलन या सगळ्यांत कळ येते ती यामुळेच. हा त्रास झालेल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. नाव पडलं ते 1882 मध्ये लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताचं वर्णन झालं तेव्हा. त्याआधी 1873 मध्ये जर्मनीत रुंगे यांनी हेच दुखणं लिहिण्याचं काम करणाऱ्यांत नोंदवलं होतं.

दुसरी गोष्ट दाहाची. ‘लॅटरल एपिकॉन्डिलायटिस’ या जुन्या वैद्यकीय नावात दाह आहे (‘-आयटिस’ म्हणजे दाह), पण 1979 मध्ये नर्शल आणि पेट्रोन या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेच्या तुकड्यांत दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. कंडरा ज्याची बनते त्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विस्कटलेले आणि मध्ये नव्या, अपरिपक्व रक्तवाहिन्या घुसलेल्या, असं चित्र दिसलं. दाह ओसरवणारी गोळी किंवा इंजेक्शन दुखणं दाबतं, पण विस्कटलेले धागे नीट लावत नाही. ते काम हळूहळू वाढवत नेलेला भारच करतो.

इंजेक्शननंतर तुमच्या बाबतीत जे झालं ते नेहमीचंच आहे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 198 रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांनी इंजेक्शनचा गट सर्वांत पुढे होता. वर्षाअखेर तोच सर्वांत मागे पडला, आणि त्यात आधी बरं वाटलेल्या 72 टक्के लोकांचं दुखणं उलटलं होतं. 2013 च्या आणखी एका चाचणीतही वर्षानंतर स्टेरॉइडचा गट खोट्या इंजेक्शनच्या गटापेक्षा मागे राहिला. त्यामुळे दुसरं इंजेक्शन घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. याच 2006 च्या अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जणही वर्षाच्या शेवटी सुधारले होते. फिजिओथेरपीचा फायदा पहिल्या काही महिन्यांत ठळक दिसतो. दुखणं लवकर उतरतं, पकड लवकर परत येते आणि गोळ्या कमी लागतात. रोज हाताने काम करणाऱ्यासाठी ते काही महिने फार मोलाचे असतात.

व्यायामाकडे वळण्याआधी दुखणं खरंच टेनिस एल्बोचं आहे ना, ते तपासून घ्या. कोपर सरळ आणि तळवा जमिनीकडे ठेवून मधलं बोट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबा. नेमकी उंचवट्यावर कळ आली तर खूण जुळते. मनगट वर उचलून त्यावर दाब दिल्यावर तिथेच दुखलं तर आणखी पक्कं. पण दाबल्यावर सर्वांत जास्त दुखणारी जागा उंचवट्यापासून तीन-चार बोटं खाली स्नायूच्या गाभ्यात असेल आणि रात्री खोल ठणका लागत असेल, तर रेडियल हा हातातला मज्जातंतू अडकलेला असू शकतो. मान वळवल्यावर हातात कळ उतरणं, अंगठ्यात किंवा मधल्या बोटात मुंग्या येणं, हे मानेकडून येतं. कोपर मध्येच अडकत असेल, सुजला असेल किंवा पूर्ण सरळ होत नसेल तर सांधा बघायला हवा. या तिन्हींत खालचे व्यायाम करण्याआधी फिजिओथेरपिस्टची किंवा अस्थिरोगतज्ज्ञांची तपासणी करून घ्या. बधिरपणा आला, बोटं उचलता येईनाशी झाली, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर लगेच दाखवा.

आता मोजमाप. मोजल्याशिवाय मात्रा ठरत नाही आणि ‘बरं वाटतंय’ हे माप पुरत नाही. फिजिओथेरपिस्टकडे पकडीचा डायनामोमीटर, म्हणजे पकडीचा जोर मोजणारं यंत्र, असतो. घरी गोल काट्याचं रक्तदाब यंत्र असेल तर त्याची पट्टी गुंडाळून 20 पर्यंत हवा भरा. कोपर सरळ, तळवा खाली, आणि गुंडाळी हळूहळू आवळत जा. दुखायला सुरुवात होईल त्या क्षणी थांबून काट्याचा आकडा लिहा. जोर लावून कमाल आकडा काढायचा नाही, आपल्याला हवी आहे ती न दुखता होणारी पकड. मिनिटभराच्या अंतराने तीनदा करून सरासरी घ्या, चांगल्या हाताचीही घ्या, आणि हे आठवड्यातून एकदाच करा. रोज मोजणं हा कंडरेला रोज दिलेला जादा भारच ठरतो.

दुखण्याचा नियम असा: शून्य ते दहाच्या मापात व्यायामादरम्यान तीनपर्यंत दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर आदल्या सकाळइतकंच किंवा त्याहून कमी दुखायला हवं. सकाळी जास्त दुखलं तर कालची मात्रा जास्त झाली. त्या दिवशी सुट्टी घ्यायची आणि पुढच्या वेळी वजन किंवा आवर्तनं तिसऱ्या हिश्श्याने कमी करायची. व्यायाम बंद करायचा नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर या एका नियमात आहे. कळ आली एवढ्यावरून काही ठरत नाही, ती किती आली आणि किती वेळ टिकली यावर ठरतं.

पहिला टप्पा हालचाल न करता लावलेल्या जोराचा. टेबलाजवळ बसा. कोपर काटकोनात वाकवा, पुढचा हात टेबलावर टेकवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. मनगट सरळ रेषेत आणा, बोटं सैल सोडा. दुसऱ्या हाताचा तळवा मुठीच्या हाडांच्या मागे, हाताच्या पाठीवर ठेवा. आता उजवा हात वर ढकला आणि डाव्याने तो तितक्याच जोराने अडवा. हात हलता कामा नये. जोर पूर्ण ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. तीस सेकंद धरा, मिनिटभर थांबा, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. चार-पाच दिवसांनी तीसचे पंचेचाळीस सेकंद करा. काही जणांचं दुखणं यानेच तासाभरासाठी उतरतं, आणि मोठ्या कामाच्या आधी हा व्यायाम करून घेण्याची सवय उपयोगी पडते. इथे तीन चुका होतात. नकळत मूठ आवळली जाते, बोटं ताठ उचलली जातात, किंवा पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावला जातो. बोटं सैल आहेत का हे दर आवर्तनात बघा. हा टप्पा एक ते दोन आठवड्यांचा.

दुसरा टप्पा वजनाचा. इथे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे डंबेल हातात धरून मनगट वरखाली करा. पण डंबेल धरायलाच मूठ आवळावी लागते, म्हणजे उचलण्याआधीच कंडरेवर भार पडलेला असतो, आणि तो किती हे मोजता येत नाही. सुरुवातीला वजन मुठीत धरूच नका. रुंद बंदाची कापडी पिशवी घ्या आणि तिचा बंद हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर अडकवा. पिशवीत अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली ठेवली की अर्धा किलो झाला. पुढचा हात टेबलावर टेकलेला, तळवा खाली, पिशवी कडेखाली लोंबती. तीन सेकंदांत मनगट वर, क्षणभर थांबा, चार सेकंदांत खाली. बारा आवर्तनांचे तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, एक दिवसाआड. वर नेताना दुखणं तीनच्या पुढे जात असेल तर दुसऱ्या हाताने पिशवी उचलून द्या आणि फक्त खाली आणायचं काम दुखऱ्या हाताला करू द्या.

खाली आणताना मनगट पूर्ण लोंबू देऊ नका, आडव्या रेषेच्या थोडं खाली गेलं की थांबा. मनगट पूर्ण खाली वाकलं, त्यात कोपर सरळ आणि तळवा खाली असला, की कंडरा ताणली तर जातेच, शिवाय आतल्या हाडावर दाबलीही जाते. चिडलेल्या कंडरेला हा दाब सोसत नाही. याच कारणासाठी कोपर सरळ करून मनगट खाली दाबण्याचं स्ट्रेचिंग पहिले काही आठवडे टाळावं, असं माझं ठाम मत आहे. करताना छान ताणल्यासारखं वाटतं, लोक दिवसातून दहादा करतात, आणि संध्याकाळी ठणका का वाढला ते कळत नाही. पुढे दुखणं निवळल्यावर जखडलेपण उरलंच तर वीस-तीस सेकंदांचं हलकं स्ट्रेचिंग दोन-तीनदा करायला हरकत नाही.

वजन वाढवण्याची खूण: तीन सेटमध्ये पंधरा-पंधरा आवर्तनं झाली, दुखणं दोनच्या वर गेलं नाही, आणि असं व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी झालं. मग पाव ते अर्धा किलो वाढवा आणि आवर्तनं आठ-दहावर आणा. बाटलीत पाणी कमीजास्त करून पाव किलोचा हिशेब सहज जमतो. वजन आणि कोपराची स्थिती मात्र एकाच दिवशी बदलू नका. कोपर वाकवून दीड किलो जमलं की कोपर निम्मं सरळ करा आणि एक किलोवर या. तिथून पुन्हा चढत जा, मग कोपर पूर्ण सरळ. रोजच्या कामात हात पुढे लांबवून वस्तू उचलताना कळ येते, म्हणून सरळ कोपरापर्यंत पोहोचल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही. वजन किती चढवायचं याचं उत्तर तुमच्या चांगल्या हाताकडे आहे. तो तेच वजन जितक्या वेळा उचलतो, साधारण तितक्या वेळा दुखऱ्या हाताने उचलता आलं पाहिजे.

वजनाऐवजी किंवा त्याच्या जोडीला पिळण्याचा रबरी दांडा वापरता येतो. दांडा दुखऱ्या हातात उभा धरा, मनगट पूर्ण मागे. चांगल्या हाताने वरचं टोक पकडून त्याच हाताने दांडा पिळा. पीळ तसाच धरून दोन्ही हात समोर सरळ करा, दांडा आडवा. आता चांगला हात स्थिर ठेवून दुखऱ्या मनगटाने चार सेकंदांत पीळ हळूहळू सुटू द्या. पंधरा आवर्तनांचे तीन सेट, रोज. दांडा सर्वांत मऊ घ्या. टॉवेल पिळून हे साधत नाही, कारण टॉवेलमध्ये परत सुटणारा ताण साठतच नाही. इथे पकड लागते, म्हणून तीस सेकंदांचा पहिला व्यायाम सहज होऊ लागल्याशिवाय दांड्याला हात लावू नका.

दुसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात फिरवण्याचा व्यायाम जोडा. कोपर काटकोनात टेकवून हातोडी उभी धरा, आधी तिच्या लोखंडी डोक्याजवळ. तळवा हळूहळू वर आणि मग खाली फिरवा. दहाचे दोन सेट. जमेल तसं हात दांड्यावर खाली सरकवा. हातोडी तीच राहते, पण भार वाढतो.

आणि मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम? तो शेवटी. पहिल्याच दिवशी चेंडू हातात देणं ही फार जुनी आणि फार पसरलेली चूक आहे. चेंडू दाबताना बळकट होतात ते बोटं मिटवणारे स्नायू, आणि प्रत्येक दाबाला दुखऱ्या कंडरेला मनगट सावरावं लागतं. दिवसात शंभर वेळा चेंडू दाबणं म्हणजे दुखऱ्या जागेवर न मोजलेला शंभर वेळचा भार. न दुखणारी पकड चांगल्या हाताच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत आली की मग जरूर करा, कारण पकडीची सवय शेवटी हवीच.

खांदा विसरला जातो. खांद्याचा मागचा भाग कमजोर असेल तर ढकलणं, ओढणं, उचलणं यांचा वाटा मनगटावर येतो. इलॅस्टिक बँडने खांदा बाहेर फिरवणं आणि कोपर मागे ओढणं, बारा-बाराचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. बँड मुठीत न धरता मनगटाच्या वर पुढच्या हाताला बांधा.

फिजिओथेरपिस्टच्या हातांनी काय होतं? सर्वांत उपयोगी तंत्र म्हणजे मलिगन पद्धतीचं सांध्याचं सरकवणं. दंडाचा खालचा भाग बाहेरून स्थिर धरून पुढच्या हाताचा वरचा भाग आतून बाहेरच्या दिशेने सरकवला जातो, आणि तो धरलेला असतानाच तुम्ही मूठ आवळता. बरोबर जमलं तर कळ त्याच क्षणी कमी होते. सहा ते दहा वेळा करायचं. कमी झाली नाही तर दिशा थोडी बदलून बघायची, तरीही नाही तर सोडून द्यायचं, दुखत असताना रेटायचं नाही. यातून मिळणारा आराम तात्पुरता असतो, म्हणून त्याच बैठकीत लगेच व्यायाम उरकावेत. आडवं खोल घर्षण, अल्ट्रासाउंड, लेझर, शॉकवेव्ह यांचे निकाल मिश्र आहेत. जोडीला असले तर असोत. पण सगळी बैठक यंत्राखाली हात ठेवण्यातच जात असेल, तर व्यायाम कधी वाढवायचा असं स्पष्ट विचारा. बर्फ किंवा शेक, जे बरं वाटेल ते दहा मिनिटं. दुखणं उतरण्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा नको.

पट्टा तुम्ही लावला होता, पण बहुधा हाडावर. तो उंचवट्याच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगवट्यावर बसायला हवा. मूठ आवळली तेव्हाच घट्ट जाणवेल इतकाच आवळा. मुंग्या आल्या तर सैल करा. कामाच्या तासांपुरता लावा, झोपताना काढा. पट्टा लावून मूठ आवळल्यावर दुखणं लगेच कमी झालं नाही, तर तो तुमच्या उपयोगाचा नाही. फारच ठणकत असेल तर आठवडाभर मनगट किंचित मागे धरून ठेवणारा स्प्लिंट कामात बरा पडतो. त्याहून जास्त दिवस वापरला तर स्नायू सुकतो.

व्यायाम दिवसातून वीस मिनिटं आणि उरलेला वेळ तोच हात चुकीचा वापरला, तर हिशेब जुळत नाही. वस्तू उचलताना तळवा वर आणि कोपर अंगाजवळ. तळवा खाली करून, हात लांब करून एका हाताने काही उचलू नका, मग ती वस्तू पुस्तकाएवढी हलकी का असेना. माउस कीबोर्डला खेटून ठेवा, पुढचा हात टेबलावर टेकलेला असू द्या. मनगट मागे वाकवून बोट माउसवर तासन्‌तास उचलून धरणं हाही भारच आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही. स्क्रूड्रायव्हर, पाना यांच्या मुठी बारीक असतील तर टेप किंवा रबर गुंडाळून जाड करा, म्हणजे कमी आवळावं लागतं. टेनिस खेळणाऱ्यांनी एका हाताचा बॅकहँड मनगट वाकवून, चेंडू मागे पडल्यावर मारला जातोय का ते प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावं, तारांचा ताण थोडा कमी करावा, आणि खेळाची वेळ आठवड्याला थोडी थोडीच वाढवावी.

कालावधीबद्दल स्पष्ट अपेक्षा ठेवा. कंडरेत रक्तपुरवठा कमी असतो आणि ती सावकाश बदलते. पहिले दोन-तीन आठवडे पकडीचा आकडा फारसा हलला नाही तर घाबरू नका. सहा आठवड्यांत तो चढता दिसायला हवा, आणि बारा आठवड्यांत रोजची बहुतेक कामं न दुखता व्हायला हवीत. चढउतार येतील. सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे पहिला पूर्ण चांगला दिवस, कारण त्याच दिवशी राहिलेली सगळी कामं उरकली जातात. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह कंडरेची दुरुस्ती मंदावतात, त्यांचा विचार याच काळात करा. बारा आठवडे वरच्या नियमाने भार वाढवूनही आकडा जागचा हलला नाही तर निदान पुन्हा तपासा, सोनोग्राफी किंवा एमआरआय करून कंडरा फाटलेली नाही ना ते बघा. शस्त्रक्रियेचा विचार सहा ते बारा महिने नीट उपचार करूनही उपयोग न झालेल्या थोड्या जणांसाठीच असतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर वजनं आठवडाभर बाजूला ठेवा आणि पहिल्या टप्प्याने सुरुवात करा, मग पिशवीत अर्धा किलो. दुखणं थांबलं की व्यायाम सोडू नका. शेवटी जे वजन जमलं असेल ते आठवड्यातून दोनदा, तीन सेट, पुढचे तीन महिने चालू ठेवा.